विधेयक वाचणारी पिढी : केनिया, जून २०२४

२५ जून २०२४ च्या दुपारी नैरोबीत केनियाच्या संसदेने वित्त विधेयक १९५ विरुद्ध १०६ मतांनी मंजूर केलं. थोड्याच वेळात आंदोलक संसदेच्या आवारात शिरले. इमारतीच्या एका भागाला आग लागली, खासदारांना भुयारी मार्गाने बाहेर काढावं लागलं आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी आपण या विधेयकावर सही करणार नाही, असं जाहीर केलं. जगभरच्या बातम्यांत हे दोन दिवस पोहोचले आणि तिथेच थांबले.

या प्रकरणाचा अभ्यास करायचा तर त्या दोन दिवसांआधीचे आठवडे आणि नंतरचं सव्वा वर्ष पाहायला हवं. विशी-पंचविशीतल्या मुलामुलींनी कराचं एक किचकट विधेयक कलमवार वाचलं, ते घराघरात समजेल अशा भाषेत सांगितलं आणि सरकारला ते मागे घ्यायला लावलं. त्यात त्यांचे सोबती मारले गेले. विधेयक एका दिवसात मागे घेतलं गेलं. मेलेल्यांना न्याय मिळण्याची वाट मात्र अजून संपलेली नाही. माझ्या मते या आंदोलनाचं यश आणि त्याचं दुखणं दोन्ही याच तफावतीत आहे, म्हणून पुढची मांडणी मी तिच्याभोवती केली आहे.

आधीची परिस्थिती

केनियाची निम्मी लोकसंख्या साधारण विशीच्या आतली आहे. शिकलेल्या मुलांची संख्या मोठी, पगारी नोकऱ्या थोड्या. बरेचजण मोटरसायकल टॅक्सी, ऑनलाइन कामं, छोटी दुकानं, उसनवारी यांवर दिवस ढकलतात. रुटो २०२२ ची निवडणूक याच लोकांचं नाव घेऊन लढले. आपण रस्त्यावर कोंबड्या विकून वर आलो, हे त्यांनी प्रत्येक सभेत सांगितलं. पक्षाची निशाणी हातगाडी होती. रोज खपून पोट भरणाऱ्याचं राज्य आणू, असं वचन होतं. ५०.४९ टक्के मतं मिळवून ते निवडून आले.

तिजोरीची अवस्था वाईट होती. आधीच्या सरकारांनी काढलेल्या कर्जांचं व्याज महसुलाचा मोठा वाटा गिळत होतं. २ अब्ज डॉलरच्या आंतरराष्ट्रीय रोख्यांची मुदत जून २०२४ मध्ये संपणार होती. ते फेडण्यासाठी फेब्रुवारीत सरकारने पावणेदहा टक्के व्याजाने नवे रोखे विकले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा कार्यक्रम चालू होता आणि करवसुली वाढवा, असा निधीचा आग्रह होता. २०२३ च्या वित्त कायद्याने इंधनावरचा व्हॅट ८ वरून १६ टक्क्यांवर नेला आणि पगारातून दीड टक्का गृहनिर्माण अधिभार कापायला सुरुवात केली. बायबलातल्या जकातदार जक्कयावरून लोक रुटोंना ‘झकायो’ म्हणू लागले ते तेव्हापासून.

म्हणजे पैशाची अडचण खरी होती. आंदोलनातल्या मुलांनीही ती नाकारली नाही. त्यांचा प्रश्न होता, हे पैसे गेले कुठे आणि आता भरायचे कोणी? २०२४ च्या वसंतात प्रशिक्षणार्थी डॉक्टरांच्या वेतनावरून जवळपास दोन महिने संप चालला होता; ठरलेले पैसे द्यायला सरकारकडे निधी नाही, असं उत्तर मिळत होतं. त्याच मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष भाड्याच्या खासगी विमानाने अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. त्या विमानाच्या भाड्याची चर्चा मे महिनाभर घरोघरी चालली होती, आणि त्यानंतर हे विधेयक आलं.

पावाचं कलम

केनियात पावावर व्हॅट नव्हता. नव्या विधेयकात तो १६ टक्के लागणार होता. ४०० ग्रॅमचा साधा पाव तेव्हा ६५ ते ७० शिलिंगांना मिळायचा. म्हणजे एका पावामागे साधारण दहा शिलिंगांची वाढ. सकाळी चहाबरोबर मुलांना पाव देऊन कामावर निघणाऱ्या बाईला हा हिशेब कोणी समजावून सांगावा लागत नाही.

पुढची कलमंही अशीच रोजच्या जगण्याला भिडणारी होती. खाद्यतेलावर २५ टक्के अबकारी कर. मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या शुल्कावरचा कर १५ वरून २० टक्के. आणि एम-पेसा या मोबाइलवरून पैसे देण्या-घेण्याच्या सेवेशिवाय केनियात भाजीवालीचाही व्यवहार होत नाही. प्रत्येक गाडीच्या किमतीवर दरवर्षी अडीच टक्के कर, किमान ५,००० शिलिंग. दहा लाखांची जुनी गाडी कर्जावर घेऊन टॅक्सी चालवणाऱ्याला वर्षाला २५,००० शिलिंग, धंदा झाला तरी आणि न झाला तरी. पर्यावरण अधिभाराच्या यादीत सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर होते. मुली पॅडअभावी महिन्यातले चार दिवस शाळेत जात नाहीत, ही तिथली जुनी समस्या. तिच्यासाठी योजना आखणारं सरकारच आता पॅडवर अधिभार लावत होतं.

शिवाय एक कलम असं होतं, जे पहिल्या वाचनात कोणाच्या नजरेत भरलं नसतं. करवसुली प्राधिकरणाला वैयक्तिक माहितीच्या संरक्षण कायद्यातून सूट देण्याची ती तरतूद होती. लोकांच्या फोनमधल्या पैशाच्या नोंदी सरकारला सहज पाहता येतील, असा तिचा अर्थ वकील मुलींनी काढला आणि सोप्या स्वाहिलीत सगळ्यांना सांगितला.

वाचन

केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेत कायदे करताना लोकसहभाग घेणं संसदेवर बंधनकारक आहे. आपल्याकडे मसुदा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवतात, त्यासारखीच ही प्रक्रिया, पण घटनेच्या कलमाने बांधलेली. एरवी ती कागदावर उरकली जायची. एखाद्या सभागृहात सुनावणी व्हायची, उद्योग संघटना आणि हिशेब तपासनीसांच्या कंपन्या निवेदनं द्यायच्या आणि प्रकरण मिटायचं.

या वेळी विधेयकाची प्रत मोबाइलवर फिरू लागली. टिकटॉकवर कोणी स्वयंपाकघरात उभं राहून एकेक कलम वाचून दाखवी. किकुयू, लुओ, कांबा अशा भाषांत छोटे व्हिडिओ निघाले, कारण गावाकडच्या आजीपर्यंत पोहोचायचं तर शेंग (शहरी तरुणांची स्वाहिली-इंग्रजी मिश्र बोली) किंवा इंग्रजी पुरेशी नव्हती. एका प्रोग्रामरने विधेयकावर प्रश्न विचारता येतील असं कृत्रिम बुद्धिमत्तेचं साधन बनवलं. ‘मी मोटरसायकल टॅक्सी चालवतो, मला काय फरक पडेल?’ असं विचारायचं, आणि उत्तरात संबंधित कलमं मिळायची. एक्सवर रात्री उशिरापर्यंत ध्वनिसभा चालत. त्यात अर्थशास्त्र शिकलेले, घटना वाचलेले, आणि नुसतेच चिडलेले असे सगळे बोलत. खासदारांचे फोन नंबर सार्वजनिक झाले आणि त्यांच्या फोनवर संदेशांचा पाऊस पडला. रविवारी चर्चमध्ये भाषण ठोकायला आलेल्या नेत्यांना तिथेच अडवलं गेलं.

इथे थोडं थांबायला हवं. या आंदोलनावर लिहिताना समाजमाध्यमांची ताकद हा मुद्दा सगळ्यात आधी येतो. मला तो अर्धवट वाटतो. टिकटॉक नैरोबीत २०२२ मध्येही होतं, तरी त्या निवडणुकीत तरुणांची नोंदणी आधीच्यापेक्षा घटली होती. २०२४ मध्ये फरक पडला तो लोकांच्या हातात एक ठोस दस्तऐवज आल्याने. रागाला त्यात आकडा, कलम क्रमांक आणि मतदानाची तारीख सापडली. आपल्या भागातला खासदार कोणत्या बाजूने हात वर करतो, हे तपासता येऊ लागलं. ‘सरकार वाईट आहे’ या म्हणण्यावर मंत्री तासभर बोलू शकतो. ‘पावावर १६ टक्के का?’ या प्रश्नाला मात्र त्याला उत्तर द्यावं लागतं.

उत्तर आलंही. १८ जूनला, पहिल्या मोर्चाच्याच दिवशी, सत्ताधारी खासदारांची राष्ट्राध्यक्ष भवनात बैठक झाली आणि पाव, खाद्यतेल, गाड्या, मोबाइल व्यवहार यांवरचे प्रस्ताव वगळल्याची घोषणा झाली. हा मोठा विजय होता. पुष्कळ चळवळी इथे थांबल्या असत्या. मुलं थांबली नाहीत. त्यांनी सुधारित मसुदाही वाचला, आणि सगळं विधेयकच फेटाळा, अशी मागणी केली. तुटीची रक्कम दुसऱ्या कुठल्या तरी खिशातून काढली जाणार, हे त्यांनी ओळखलं होतं. पुढच्याच महिन्यात इंधनावरचा रस्ते अधिभार लिटरमागे १८ वरून २५ शिलिंग झाला.

१८, २०, २५

पहिल्या मोर्चात पोलिसांनी शेकडो जणांना पकडलं. २० जूनला दुसऱ्या वाचनात विधेयक २०४ विरुद्ध ११५ मतांनी पुढे सरकलं. त्या संध्याकाळी नैरोबीच्या मध्यवर्ती भागात २९ वर्षांच्या एका तरुणाला गोळी लागली आणि तो मेला. या आंदोलनातला तो पहिला मृत्यू मानला जातो. त्याच्या आईवडिलांचा आक्रोश सगळ्या देशाने पाहिला. तोवर जे घरीच होते, तेही त्यानंतर बाहेर पडले.

२५ जूनसाठी तयारी होती. मोर्चाला जाताना काय न्यायचं याच्या याद्या फिरत होत्या : पाण्याच्या बाटल्या, मास्क, बंद शूज, झेंडा, पूर्ण चार्ज केलेला फोन, वकिलाचा नंबर हातावर पेनने लिहिलेला. काही महिन्यांपूर्वी संपावर असलेल्या डॉक्टरांपैकी कितीतरी जण आता प्रथमोपचाराच्या पथकांत होते. शहराच्या मध्यावरच्या जामिया मशिदीत जखमींवर उपचार झाले. त्यांत ख्रिस्ती मुलंच जास्त असणार. केनियात मुस्लिम अल्पसंख्य आहेत. हे लिहिताना मला भरून येतं. राजकारण्यांनी जमातींच्या नावावर ज्या देशाला २००७-०८ मध्ये रक्तात बुडवलं होतं, त्याच देशाची मुलं एकमेकांच्या डोळ्यांवर पाणी मारत होती.

पण त्या दिवसाची सुरुवात वेगळ्याच गोष्टीने झाली होती. पहाटेच्या अंधारात, नंबरप्लेट नीट न दिसणाऱ्या गाड्यांतून आलेल्या माणसांनी ऑनलाइन बोलणाऱ्या अनेकांना घरांतून उचलून नेलं. सरन्यायाधीश मार्था कूमे यांना त्याच दिवशी या अपहरणांचा जाहीर निषेध करावा लागला. वकील संघाच्या अध्यक्ष फेथ ओधियाम्बो आणि त्यांचे सहकारी एका पोलीस ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात बेपत्ता झालेल्यांना शोधत फिरत होते.

संध्याकाळी लष्कर पाचारण केल्याची अधिसूचना निघाली. रात्री राष्ट्राध्यक्षांनी दूरचित्रवाणीवरून या घटनेला देशद्रोह ठरवलं. त्याच रात्री नैरोबीबाहेरच्या गिथुराई भागात तासन्‌तास गोळीबाराचे आवाज येत होते. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तेच राष्ट्राध्यक्ष माघार घेत असल्याचं सांगत होते.

किती माणसं गेली? ३० जूनला पत्रकारांशी बोलताना रुटो यांनी १९ हा आकडा दिला आणि आपल्या हातावर रक्त नाही, असं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी केनियाच्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने ३९ मृत्यू आणि ३६१ जखमींची नोंद प्रसिद्ध केली. पुढे हा आकडा ६० वर गेला. आयोग ही सरकारी पण स्वायत्त संस्था आहे. तिने आकडे लपवले नाहीत, हे केनियाच्या घटनेचं मोठं बळ म्हणायला हवं.

नेता नाही

‘जमात नाही, पक्ष नाही, नेता नाही’ अशी या मुलांची भूमिका होती. तिच्यामागे अनुभव होता. केनियाच्या राजकारणात दर वेळी एकच गोष्ट घडत आलेली आहे : विरोधी नेता रस्त्यावर माणसं उतरवतो, माणसं मरतात, मग तो नेता राष्ट्राध्यक्षांशी हात मिळवतो आणि त्याच्या माणसांना पदं मिळतात. २०१८ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा आणि विरोधी नेते रायला ओडिंगा यांनी असाच हात मिळवला. मुलांना हे पुन्हा नको होतं. नेताच नसेल तर सरकार विकत कोणाला घेणार आणि तुरुंगात कोणाला टाकणार, हा त्यांचा सवाल होता.

जूनमध्ये ही भूमिका अचूक ठरली. सरकारला चर्चेला बोलवायला माणूस सापडेना. ५ जुलैला रुटो स्वतः एक्सवरच्या ध्वनिसभेत आले; दीड लाखाहून जास्त लोक ऐकत होते आणि प्रश्न विचारणारी मुलं कोणाचीही भीड ठेवत नव्हती. ११ जुलैला जवळपास सगळं मंत्रिमंडळ बरखास्त झालं, दुसऱ्या दिवशी पोलीस महानिरीक्षकांनी राजीनामा दिला.

जुलै अखेरीस मात्र याच भूमिकेची दुसरी बाजू दिसू लागली. नव्या मंत्रिमंडळात जुनेच कितीतरी चेहरे परतले आणि ओडिंगांच्या पक्षातल्या चौघांना मंत्रिपदं मिळाली. मुलांनी जे टाळण्यासाठी नेता नाकारला होता, तेच त्यांच्या डोक्यावरून पार पडलं. विरोध करायला त्यांच्याकडे बसायची जागा नव्हती. मोर्चांत भाडोत्री गुंड घुसू लागले, दुकानं लुटली गेली, आणि ‘ही आमची माणसं नाहीत’ असं अधिकाराने सांगणारं कोणी नव्हतं. डिसेंबरमध्ये सरकारने वेगळ्या दुरुस्ती कायद्यांतून कराच्या अनेक तरतुदी परत आणल्या; तेव्हा रस्ते जवळजवळ मोकळे होते.

चळवळीने आधीच संघटना बांधायला हवी होती, असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. जूनमध्ये समिती नेमली असती तर २५ तारखेच्या पहाटे ती सगळी समिती उचलली गेली असती. पण जुलैनंतर वेगवेगळ्या कामांना वेगवेगळी जबाबदार माणसं हवी होती, आणि जिथे ती मिळाली तिथे काम टिकलं. पत्रकार हनिफा अदान यांनी जखमींच्या उपचारांसाठी आणि मृतांच्या अंत्यविधीसाठी लोकवर्गणी सुरू केली. ३ कोटी शिलिंगांहून अधिक रक्कम जमली. मग संशय घेणारेही उभे राहिले, आणि अदान यांनी खर्चाचा हिशेब जाहीर केला. सरकारकडे जो हिशेब मागितला होता तो आपणही द्यायचा, हे त्यांनी पाळलं.

ही पहिली पिढी नव्हे

या मुलांना ‘जेन झी’ म्हणून एकदम वेगळं काढलं की एक गोष्ट हातची निसटते. ७ जुलै १९९० ला, ज्या दिवसाला केनियात ‘साबा साबा’ म्हणतात, बहुपक्षीय लोकशाहीसाठी नैरोबीच्या कामुकुंजी मैदानावर लोक जमले आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. १९९२ मध्ये राजकीय कैद्यांच्या आया उहुरू पार्कच्या एका कोपऱ्यात उपोषणाला बसल्या, पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी माथाई त्यांच्याबरोबर होत्या. पोलिसांनी लाठ्या चालवल्या तेव्हा त्या वृद्ध स्त्रियांनी निषेध म्हणून वस्त्रं उतरवली. या सगळ्या लढायांतून २०१० ची घटना आली. २०२४ मधल्या मुलांनी हातात धरलेलं कलम ३७, शांततेने आणि निःशस्त्र जमण्याचा हक्क, त्या आयांनी मिळवून दिलेलं होतं.

आणखी मागे गेलं तर एक माणूस भेटतो, ज्याच्याशी गोव्याचं नातं आहे. पिओ गामा पिंटो. जन्म नैरोबीचा, १९२७ चा, घराणं गोव्याचं. शिक्षण भारतात झालं. मुंबईत गोवा मुक्तीच्या कामात ते ओढले गेले आणि पोर्तुगीजांच्या हाती लागू नये म्हणून केनियाला परतले. तिथे त्यांनी ब्रिटिशांविरुद्धच्या माउ माउ या सशस्त्र लढ्याला मदत केली, ब्रिटिशांची स्थानबद्धता भोगली, स्वातंत्र्यानंतर खासदार झाले. जमीन नव्या सत्ताधाऱ्यांच्या घशात जाते आहे, हे ते उघडपणे बोलत होते. २४ फेब्रुवारी १९६५ ला नैरोबीत त्यांच्या घराच्या फाटकापाशी, लहान मुलगी गाडीत असताना, त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. वय ३७. स्वतंत्र केनियातली ही पहिली राजकीय हत्या. आज नैरोबीच्या वस्त्यांतले तरुण कार्यकर्ते त्यांचं नाव आपल्या परंपरेतलं म्हणून घेतात. कोकणी-मराठी घरांत ते नाव फारसं कोणाला माहीत नाही, याची मला खंत वाटते.

उचलून नेणं

२०२४ च्या अखेरपर्यंत मानवी हक्क आयोगाने अपहरणाच्या ८२ घटना नोंदवल्या. पद्धत ठरलेली होती. साध्या वेशातले लोक, साधी गाडी, फोन बंद. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी माणूस कुठेतरी दूर रस्त्यावर सोडलेला सापडायचा. काहीजण परतलेच नाहीत. नाताळच्या सुमारास व्यंगचित्रं आणि राष्ट्राध्यक्षांवरच्या चित्रफिती प्रसारित करणारी काही मुलं अशीच नाहीशी झाली. लोकांनी पुन्हा रस्ते भरले तेव्हा जानेवारीत त्यांना सोडून देण्यात आलं.

पोलिसांनी हात वर केले होते. पण जानेवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळातले जस्टिन मुटुरी यांनी जाहीरपणे सांगितलं की, जूनमध्ये त्यांच्या स्वतःच्या मुलालाही उचललं होतं, आणि राष्ट्राध्यक्षांनी गुप्तचर संस्थेच्या प्रमुखांना फोन केल्यावर तो तासाभरात सुटला. ज्यांच्या घरात मंत्री नव्हता त्यांचं काय झालं असेल, हा प्रश्न त्या दिवशी प्रत्येकाच्या मनात आला असणार. मार्चमध्ये मुटुरी मंत्रिमंडळाबाहेर गेले.

वर्षानंतर

२०२५ चं वित्त विधेयक आलं, तेव्हा रोझ न्जेरी नावाच्या प्रोग्रामरने एक संकेतस्थळ बनवलं. त्यावरून कोणालाही एका बटणावर आपली हरकत संसदेच्या समितीला ईमेलने पाठवता येत होती. घटनेने सांगितलेला लोकसहभाग, त्याहून अधिक काही नाही. मे महिन्याच्या शेवटी त्यांना अटक झाली. सुट्टीचे दिवस धरून त्यांना कोठडीत ठेवलं आणि संगणक गुन्ह्यांच्या कायद्याखाली आरोप ठेवला. २० जूनला न्यायालयाने तो आरोप मुळात गुन्हाच दाखवत नाही, असं म्हणून फेटाळला. जून २०२४ मध्ये विधेयक वाचणं हे शस्त्र ठरलं होतं, आणि वर्षभरात सरकारने त्यालाच गुन्हा ठरवायचा प्रयत्न केला.

त्याच जूनमध्ये एका शिक्षकाचा नैरोबीच्या पोलीस कोठडीत मृत्यू झाला. एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यावर टीका करणारा मजकूर लिहिल्याबद्दल त्यांना पश्चिम केनियातल्या घरून पकडून राजधानीत आणलं होतं. पोलिसांनी सांगितलं, भिंतीवर डोकं आपटून घेतलं. शवविच्छेदनात मानेवर दाब आणि मारहाणीच्या खुणा निघाल्या. या मृत्यूच्या निषेधाच्या मोर्चात मास्क विकणाऱ्या एका मुलाला पोलिसाने अगदी जवळून डोक्यात गोळी घातली. ते चित्रीकरणात आलं, आणि तो महिनाअखेरीस गेला. २५ जून २०२५ च्या स्मरणदिनी आणि ७ जुलैच्या साबा साबाला पुन्हा मोर्चे निघाले, पुन्हा माणसं मेली. मानवी हक्क आयोगाने ७ जुलैच्या मृत्यूंचा आकडा ३८ दिला. त्यानंतर राष्ट्राध्यक्षांनी लुटालूट करणाऱ्यांच्या पायावर गोळी घाला, असं सांगितलं.

२०२४ शी तुलना केली तर एक बदल ठळक दिसतो. पहिल्या वर्षी मोर्चाला निघालेली मुलं पावाबद्दल बोलत होती, दुसऱ्या वर्षी मेलेल्यांबद्दल. मागणी करापासून पोलिसांच्या जबाबदारीपर्यंत आली. करावर सरकारला तडजोड करता येते. गोळी कोणाच्या हुकमाने सुटली, हे सांगण्यात तडजोड नसते, आणि म्हणून सरकार याबाबत इतकं कडक आहे, असं मला वाटतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये रुटो यांनी निदर्शनांतल्या बळींना भरपाई देण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली. फेथ ओधियाम्बो यांना त्यात घेतलं गेलं. त्यावरून तरुणांनी त्यांच्यावर टीका केली, समितीच्या वैधतेला न्यायालयात आव्हान मिळालं आणि ऑक्टोबरमध्ये त्या बाहेर पडल्या. भरपाई नाकारा, असं मी कुठल्याही आईला सांगू शकणार नाही. कमावता मुलगा गेलेल्या घरात भाडं आणि औषधं थांबत नाहीत. पण भरपाईच्या अर्जासोबत खटल्याचा आग्रह सोडायला लावू नये, एवढी मागणी या कुटुंबांनी लावून धरली आहे आणि ती पूर्णपणे रास्त आहे. पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र प्राधिकरणाकडे ढिगाने तक्रारी पडून आहेत, आणि गोळी झाडणारा अधिकारी न्यायालयात उभा राहिल्याची उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी.

दरम्यान निवडणूक आयोगाने २९ सप्टेंबर २०२५ पासून मतदार नोंदणी पुन्हा सुरू केली. ६३ लाख नवे मतदार जोडण्याचं उद्दिष्ट आहे आणि त्यात बहुतेक तरुण असतील. सुरुवातीच्या आठवड्यांत नोंदणी केंद्रं ओस पडली होती. आंदोलनातलेच कार्यकर्ते आता ओळखपत्र काढा, नोंदणी करा, म्हणून वस्त्यांत फिरताहेत. ज्यांनी पक्ष, नेता, निवडणूक या सगळ्यांवरचा विश्वास सोडून रस्ता धरला होता, त्यांना मतपेटीपर्यंत आणणं कठीण काम आहे. सार्वत्रिक निवडणूक ऑगस्ट २०२७ मध्ये आहे. खासदारांनी २० आणि २५ जून २०२४ ला कोणत्या बाजूने मत दिलं, त्याच्या मतदारसंघनिहाय याद्या अजून मुलांच्या फोनमध्ये आहेत.